पानाच्या डाव्या बाजूचं शेवाळ

*ताई, नमस्कार. मुलगी दोन वर्षांपासून ओसाकाला नोकरीला आहे. दिवाळीला आली तेव्हा तीन पाकिटं घेऊन आली: नोरी, वाकामे आणि कोंबू. ‘आई, तिकडची माणसं हेच खाऊन शंभर वर्षं जगतात, तू पण सुरू कर,’ म्हणाली आणि ठेवून गेली. माझं वय ५१. थायरॉइडची ७५ची गोळी आठ वर्षं चालू आहे, बी-१२ कायम कमी. मैत्रीण म्हणते, शेवाळात आयोडीन भरपूर असतं, गोळीच सुटेल. सासऱ्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, त्यांनाही द्यावं का? सासूबाई म्हणतात, ‘विहिरीतलं शेवाळ खरवडून टाकायचं असतं, खायचं नसतं.’ पण त्या सोमवार पाळतात, त्या दिवशी हे चालतं का, हेही त्यांनीच विचारायला सांगितलंय. माझं माहेर मालवणचं. पावसात तिथं खडकांवर असंच काळपट, तलम काहीतरी उगवतं. तेच का हे? पाकिटं अजून फोडलेली नाहीत. सुरुवात कुठून करू?*
*— एक वाचक, डोंबिवली*

बरं झालं, पाकिटं फोडायच्या आधी पत्र लिहिलंत. मुलीच्या मायेबद्दल शंका नाही, पण तिन्ही पाकिटांना ‘शेवाळ’ म्हणून मोकळं झालं की घोळ होतो. मेथी आणि अळू दोन्ही पालेभाज्याच. मेथी कच्ची खाल्ली तरी बिघडत नाही, अळू चिंचेशिवाय शिजवलं तर घसा धरतो. इथंही तसंच आहे, आणि तुमच्या बाबतीत तर हा फरक फारच महत्त्वाचा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे कोंबूचं पाकीट वेगळं काढा. जाड, चामड्यासारख्या काळपट हिरव्या पट्ट्या आणि वर पांढुरकी भुकटी, ते कोंबू. ते तुमच्यासाठी नाही. चवीपुरतंही नाही, आणि पाण्यात बुडवून काढून घेतलं तरीही नाही.

मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे, शेवाळात आयोडीन असतंच. थायरॉइडची ग्रंथी आयोडीन घेते आणि हार्मोन बनवते, गिरणीनं गहू घेऊन पीठ द्यावं तसं. गहूच आला नाही तर गिरणी रिकामी फिरते. हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडानं ग्रासलेली असायची ती यामुळे, आणि म्हणूनच आपल्या मिठात आयोडीन आलं. पण हे मीठ रोज खाणाऱ्या घरातल्या बाईची थायरॉइड मंदावते तेव्हा बहुतेक वेळा गहू कमी पडलेला नसतो, गिरणीच बिघडलेली असते. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटलेली असते. तुमची ७५ची गोळी म्हणजे बाहेरून आणलेलं तयार पीठ. बिघडलेल्या गिरणीत आणखी चार पोती गहू ओतून पीठ पडायचं नाही. उलट आयोडीनचा लोंढा आला की ग्रंथी काम थोपवून धरते, हे वुल्फ आणि चायकॉफ या दोन शास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. धडधाकट ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते. आजारी ग्रंथी सावरेलच असं नाही.

आता आकडे बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. युरोपातले तज्ज्ञ रोजची कमाल मर्यादा ६०० धरतात, अमेरिकेतले ११००. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे टपाल तिकिटाहून थोड्या मोठ्या तुकड्यात, २००० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन असू शकतं. उकळलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, पण कोंबू वापरतात तेच मुळी त्या पाण्यासाठी. ऑस्ट्रेलियात २००९ साली कोंबू घातलेलं एक सोया दूध बाजारातून परत मागवावं लागलं, कारण ते नेमानं पिणाऱ्यांच्या थायरॉइडच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. तेव्हा राजम्यात कोंबूची पट्टी टाका, गॅस होत नाही, असं कुणी सांगितलं तरी तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. आपल्याकडे हिंग आहे.

कोंबूला मी उगाच खलनायक करत नाहीये. टोकियोच्या किकुने इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली कोंबूच्या रस्स्यातूनच ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. आंबट, गोड, खारट, कडू यांच्या पंगतीत पाचवी चव येऊन बसली ती या पट्ट्यांमुळे. घरात थायरॉइडची तक्रार नसलेलं कुणी असेल, तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लिटरभर पाण्यात दोन बोटं लांबीचा तुकडा अर्धा तास भिजवून, उकळी फुटायच्या आत काढून, त्या पाण्याचं सार करून बघायला हरकत नाही. पट्टी धुवायची नाही, ओल्या फडक्यानं नुसती पुसायची. पांढरी भुकटी बुरशी नव्हे, चवीचा भाग तिच्यातही असतो. पण ते सार तुमच्या वाटीत नको.

उरली दोन पाकिटं. तुमची सुरुवात नोरीपासून.

नोरी म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते कागदासारखं काळं पान. एक पान जेमतेम तीन ग्रॅमचं. एका ग्रॅमला आयोडीन साधारण १५ ते ४५ मायक्रोग्रॅम, म्हणजे पूर्ण पान खाल्लं तरी ४५ ते १३५. तुलनेला आपलं मीठ घ्या. कायद्यानं ग्राहकाच्या हाती पडताना मिठाच्या एका ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावं लागतं. दिवसाला पाच ग्रॅम मीठ धरलं तर ७५ तिथूनच आले. त्यामुळे तुम्हाला अर्धं पान, आठवड्यातून तीनदा, एवढंच सांगेन. (घरात सगळ्या स्वयंपाकाला शेंदेलोण किंवा गुलाबी मीठ वापरत असाल तर ते कळवा, हिशेब बदलेल. त्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, आणि हल्ली फार घरांत आयोडीनचं मीठ काढून ते आणलं जातं.) सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. दोनेक महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. गोळी नेहमीसारखी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा-एक तास. ती सोडायचा विषयच नाही.

नोरी पहिल्यांदा नुसती खाऊ नका. टाळूला चिकटते आणि माणूस म्हणतो, हे काय कागद चघळायला दिलेत. आधी तिला जरा शेक द्या. गॅस बारीक करा, पान चिमट्यात धरून पापडाला धरतो त्याहून वर, वीतभर अंतरावर, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं फिरवा. दोन-दोन सेकंद, जास्त नाही. पान किंचित आक्रसतं, उजेडासमोर धरलं की काळं वाटणारं ते गडद हिरवं दिसतं, आणि हातात चुरलं तर कुर्रर्र वाजतं. वास येतो तो तुम्हाला ओळखीचा वाटेल: सुकटीच्या डब्याचं झाकण लांबच्या खोलीत कुणीतरी उघडावं तसा, त्याहून सौम्य. पाकीट फोडल्यावर पानं घट्ट झाकणाच्या डब्यात, आतल्या पुडीसकट ठेवा. डोंबिवलीच्या पावसात तासाभरात सादळतात. सादळली तर टाकू नका, पुन्हा शेका.

आता खायची कशी? इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण या एका गोष्टीनं माझ्या घरात नोरीला जागा मिळवून दिली. जपानी घरांत गरम भातावर भुरभुरायला एक कोरडं मिश्रण असतं, ‘फुरिकाके’. तीळ, नोरीचा चुरा, मीठ आणि बहुधा वाळवलेल्या माशाचे कीस. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला मऊ भात, तूप आणि मेतकूट आठवलं. काम तेच, फक्त किनारा वेगळा. मग मी आपली कोरडी चटणी केली. अर्धी वाटी पांढरे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजले. चार चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस बदामी केला. चार सुक्या मिरच्या आणि पाच-सहा लसणीच्या पाकळ्या थेंबभर तेलावर कोरड्या परतल्या. हे सगळं गार झाल्यावर मीठ घालून जाडसर वाटलं. मीठ नेहमीच्या निम्मं, कारण नोरी स्वतः खारी असते. शेवटी तीन शेकलेली पानं हातानं चुरून वरून मिसळली. मिक्सरमध्ये घालू नका, घातली की काळं पीठ होतं आणि मजा जाते. चमचाभर चटणीत नोरी अर्धा ग्रॅमसुद्धा येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी चटणी त्या दिवशी पान नको, एवढंच पथ्य. दहीभातावर छान लागते. वरणभातावर त्याहून छान. थालीपिठाबरोबर मला नाही आवडली.

पानात तिची जागा मात्र डाव्या बाजूला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतो तिकडे. उजवीकडे, भाजीच्या जागी ती कधीच येऊ देऊ नका. सुरुवात करणाऱ्यांचं चुकतं ते इथंच. ‘आरोग्यदायी’ हा शब्द ऐकला की आपण वाटीभर खातो. लोणचं कितीही आवडलं तरी वाटीत घेऊन बसत नाही, तसंच हे.

वाकामेच्या बाबतीत माझी फजिती झाली होती ती सांगते. पाकिटात चहाच्या पत्तीसारखे काळे तुकडे होते, एवढ्याशाचं काय होणार म्हणून मूठभर वाडग्यात टाकले, वर पाणी ओतलं आणि फोनवर बोलत बसले. परत आले तर वाडगं हिरवंगार होऊन ओट्यावर सांडत होतं. वाळलेलं वाकामे भिजून दहापट फुगतं. चौघांच्या घराला सपाट एक चहाचा चमचा पुष्कळ होतो. थंड पाण्यात पाच मिनिटं भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, पिळून बारीक चिरायचं आणि खमंग काकडीत घालायचं. कोचलेली काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. जपानी लोकही काकडी आणि वाकामे एकत्रच करतात, फक्त आंबटपणाला व्हिनेगर घालतात. ते बुळबुळीत लागतं, हे आधीच सांगून ठेवते. भेंडी आवडणाऱ्यांना चालतं. यातलं आयोडीन नोरीपेक्षा जास्त, आणि कुठल्या समुद्रातलं त्यावर फार बदलतं. म्हणून तुम्ही पहिले दोन महिने थांबा. टीएसएच जागेवर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर आठवड्यातून एखादे वेळी दोन चमचे कोशिंबीर.

वाकामेवरून आठवलं. कोरियात बाळंतिणीला याच शेवाळाचं सूप देतात, आपण अळिवाची खीर देतो तसं, आणि पुढे दर वाढदिवसाला आईच्या आठवणीनं तेच सूप पितात. रीत गोड आहे. पण बाळंतपणात अशी सुपं वाडगी भरभरून प्यायल्यामुळे तान्ह्या बाळाची थायरॉइड मंदावल्याचे प्रकार डॉक्टरांनी नोंदवले आहेत. घरात कुणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर शेवाळाचे प्रयोग तिच्यावर नकोत.

पहिल्या काही दिवसांत पोट जरा गुडगुडलं तर घाबरू नका. नोरीतली शर्करा वेगळ्या जातीची असते. फ्रान्समधल्या संशोधकांना २०१० मध्ये असं आढळलं, की जपानी लोकांच्या आतड्यांतल्या जिवाणूंनी ती पचवायचं कसब चक्क समुद्रातल्या जिवाणूंकडून उचललं आहे. पिढ्यान्‌पिढ्या नोरी खाल्ली, तिच्याबरोबर ते जिवाणू पोटात गेले, आणि त्यांची जनुकं आतड्यांतल्या जिवाणूंनी घेतली. अमेरिकन लोकांच्या नमुन्यांत ते सापडलं नाही. तुमच्या-माझ्या पोटाची ही शिकवणी झालेली असण्याची शक्यता कमीच. आणि हो, शंभर वर्षं जगण्याचं श्रेय एकट्या शेवाळाला देऊ नका. ती माणसं मासे-सोयाबीन खातात, पोट थोडं रिकामं ठेवून उठतात आणि म्हातारपणीही चालतात. त्यातलं चालणं आपल्याला फुकट आहे.

सासऱ्यांचं. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्याच्यावरच आहे. वॉरफॅरिन किंवा त्या गटातली गोळी असेल, जिच्यासाठी अधूनमधून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करावं लागतं, तर त्यांना देऊ नका. नोरीत के जीवनसत्त्व बरंच असतं आणि ते नेमकं त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. एक दिवस पान खाल्लं, चार दिवस नाही, असं झालं की आयएनआर वरखाली होतं. नुसती अॅस्पिरिनसारखी गोळी असेल तर हा प्रश्न येत नाही, तरी डॉक्टरांना विचारून चमचाभर चटणी. ब्लडप्रेशर असेल तर ‘सीवीड स्नॅक’ म्हणून तेल-मीठ लावलेल्या कुरकुरीत पट्ट्या मिळतात त्या नकोत, साधी नोरीच बरी.

बी-१२ साठी नोरीवर विसंबू नका. तिच्यात ते थोडंफार असतं, पण प्रमाण बेभरवशाचं, आणि तुम्ही खाणार ती चिमूटभर. स्पिरुलिना या हिरवट-निळ्या शेवाळाच्या गोळ्यांत तर बी-१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न लागणारं रूपच जास्त असतं. इंजेक्शन किंवा गोळी जे चालू आहे ते चालू ठेवा. मालवणच्या मुलीनं बांगडे, तिसऱ्या नेमानं खाल्ल्या तर तिथून नोरीपेक्षा कितीतरी जास्त मिळेल. ‘थायरॉइडसाठी’ म्हणून शेवाळाच्या कॅप्सूल विकतात, त्यांना हातही लावू नका. आणि मुलगी पुढच्या वेळी ‘हिजिकी’ आणू म्हणाली तर नको म्हणा. काळ्या शेवयांच्या तुकड्यांसारखं दिसतं ते. त्यात घातक प्रकारचं आर्सेनिक जास्त असतं म्हणून ब्रिटनच्या अन्न खात्यानं २००४ मध्येच ते खाऊ नका असं सांगितलं आहे.

तुमचे मालवणचे खडक वाचून मला बरं वाटलं, कारण तुमचा डोळा बरोबर आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उगवणारं एक शेवाळ खरोखरच नोरीच्या कुळातलं आहे. पण ते आणून खाऊ नका. एक तर ते येतं लाटा आपटत असतात त्या दिवसांत, लाटांच्याच खडकांवर, आणि तिथला निसरडेपणा मी तुम्हाला सांगायला नको. दुसरं, त्याच खडकांवर दहा प्रकारची शेवाळं असतात आणि जवळपास कुठला नाला उतरतो ते वरून दिसत नाही. शेवाळ पाण्यातलं जे असेल ते शोषतं, शिसं-कॅडमियमसुद्धा.

मुलीनं आणलेली नोरी खडकावरून खरवडलेली नाही, ती शेतीतली आहे. त्या शेतीची गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. जपानी कोळी शतकानुशतकं नोरी वाढवत होते, पण तिचं बी कुठून येतं ते कुणालाच माहीत नव्हतं. आली तर आली, नाही तर वर्ष गेलं. १९४९ मध्ये इंग्लंडमधल्या कॅथलिन ड्रू-बेकर या बाईंनी शोधून काढलं, की उन्हाळ्यात हे शेवाळ शिंपल्यांच्या आत, गुलाबी धाग्यांच्या रूपात राहतं. ते धागे म्हणजे वेगळंच काही शेवाळ आहे असं तोवर सगळे समजत होते. त्यानंतर शिंपल्यांत बी धरून जाळ्यांवर लावायची पद्धत बसली. बाई जपानला कधी गेल्या नाहीत, १९५७ मध्ये वारल्या. पण कुमामोतो भागातल्या उतो या गावी नोरी-शेतकऱ्यांनी त्यांचं स्मारक उभारलं आहे.

राहिला सोमवार. शेवाळ मासा नव्हे, त्यामुळे तत्त्वतः चालायला हरकत नाही. पण पाकिटाच्या मागचं जपानी लिहिणं मुलीला फोटो काढून पाठवा आणि वाचून घ्या. नोरीच्या पाकिटांवर बरेचदा लिहिलेलं असतं, की ज्या पाण्यातून हे काढलं तिथं कोळंबी-खेकड्यांची पिल्लं असतात, एखादं मिसळलेलं असू शकतं. कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर हे वाचायलाच हवं. तयार फुरिकाके आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपच्या पुड्यांमध्ये वाळवलेल्या माशाचा अर्क बहुधा असतोच, त्या सोमवारी उघडायच्याच नाहीत. सासूबाई कडक पाळत असतील तर नोरी मंगळवारी काढा, कशाला मनाला रुखरुख.

आणि विहिरीतल्या शेवाळाबद्दल त्या पुन्हा बोलल्या, तर उन्हाळ्यात घरी दुधाचं चायना ग्रास होतं का, ते विचारा. वाटीत घट्ट बसलेलं, वर पिस्त्याचे काप घातलेलं. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, आणि ते लाल समुद्री शेवाळ उकळूनच काढतात. तमिळ घरांत त्याला सरळ ‘कडल पासी’, म्हणजे समुद्री शेवाळ असंच म्हणतात. रामेश्वरम्-मंडपमच्या बायका डोळ्यांना चष्मे लावून उथळ समुद्रात बुड्या मारून असलं शेवाळ गोळा करतात. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४०७ असा घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचा आकडा दिसला तर तेही शेवाळातलंच. सासूबाईंनी हे आजवर किती वाट्या खाल्लं असेल, कुणास ठाऊक. चटणी वाढताना मात्र ‘शेवाळाची’ म्हणू नका. तिळाची म्हणा, आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागितली की मग सांगा.